एखादे प्रथिन चेतापारेषकाचे स्रवण कोणत्या पायरीवर नियंत्रित करते, हे कसे ओळखावे

चेतापेशी पुढच्या पेशीला संदेश देते तो सांधा म्हणजे सिनॅप्स, आणि त्यासाठी ती जे रसायन सोडते ते चेतापारेषक. ‘हे प्रथिन काढून टाकले की सिनॅप्सवरचे संदेशवहन बंद पडते, म्हणून हेच प्रथिन चेतापारेषक बाहेर सोडते’ असे विधान पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात दरवर्षी ऐकू येते आणि दरवर्षी ते तितकेच अपुरे असते. पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला, वीज गेली, वरून धान्य पडले नाही किंवा खालचे तोंड तुंबले, तरी पीठ येणे बंदच होते. पीठ आले नाही एवढ्यावरून बिघाड कोठे आहे हे सांगता येत नाही. चेतापेशीच्या टोकाशी काम करणाऱ्या प्रथिनांबाबतही हीच अडचण असते. शोधनिबंध वाचणाऱ्याने किंवा स्वतः प्रयोग करणाऱ्याने प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, कोणत्या मापनाचा काय अर्थ घ्यावा आणि मुख्यतः काय अर्थ घेऊ नये, हे येथे सांगितले आहे.

आधी यंत्रणा डोळ्यांसमोर आणावी

अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्याच्या, टोकात चेतापारेषक सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकांमध्ये (पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये) भरलेला असतो आणि एकेका पुटिकेत त्याचे काही हजार रेणू मावतात. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील लहानशा सिनॅप्सवर अशा शेकडो पुटिका असल्या, तरी कोणत्याही क्षणी लगेच रिकाम्या होऊ शकतील अशा पुटिका साधारण पाच-दहाच असतात. पुटिका प्रथम पटलाशी नांगरली जाते, नंतर सज्ज होते, मग विद्युत संदेश आला की कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात आणि सज्ज पुटिका पेशीपटलात मिसळून रिकामी होते. पेशीच्या आत विश्रांतीच्या वेळी कॅल्शियम आयनांचे प्रमाण बाहेरच्या सुमारे दहा हजारांश असते, त्यामुळे मार्गिका क्षणभर उघडल्या तरी त्यांच्या तोंडाशी कॅल्शियम एकदम वाढते आणि त्या बंद होताच तितक्याच झपाट्याने विरून जाते.

मिसळण्याचे काम स्नेअर या कुळातील तीन प्रथिने करतात. पुटिकेवरचे सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पेशीपटलावरची सिंटॅक्सिन-१ व स्नॅप-२५ ही प्रथिने मिळून चार पेडांची दोरी वळतात. त्यांतला एकेक पेड सिनॅप्टोब्रेव्हिन आणि सिंटॅक्सिनचा असतो व उरलेले दोन स्नॅप-२५ चे असतात. या दोरीची स्फटिकरचना १९९८ मध्ये उलगडली. पीळ पटलांपासून दूरच्या टोकाकडून पटलांच्या दिशेने घट्ट होत जातो आणि त्यासरशी दोन्ही पटले एकमेकांवर ओढली जातात. काम झाल्यावर हा पीळ एनएसएफ हे प्रथिन एटीपीची ऊर्जा खर्चून उलगडते. दोरी योग्य जागी, योग्य जोडीदारांत वळली जावी म्हणून मंक-१८ आणि मंक-१३ लागतात, कॅल्शियम आल्याची खबर सिनॅप्टोटॅग्मिन देते, कॉम्प्लेक्सिन अर्धवट वळलेल्या दोरीला बिलगून बसते, आणि रिम हे प्रथिन कॅल्शियमच्या मार्गिकांना पुटिकांच्या शेजारी बांधून ठेवते. पुटिकांच्या वाहतुकीवरील कामासाठी २०१३ चे नोबेल पारितोषिक जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडहोफ यांना मिळाले. त्यांपैकी शेकमन यांचे काम यीस्टवरचे होते, कारण यीस्टची पेशीही आपला माल याच कुळातील प्रथिनांच्या साहाय्याने बाहेर पाठवते.

ही नावे पाठ करणे अवघड नाही. अवघड आहे ते यांपैकी एकावर बोट ठेवून त्याची पायरी सिद्ध करणे.

पहिला प्रश्न: दोष देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा

संदेश कमी पोहोचला तर सोडणारे टोक कमी सोडत असेल किंवा पलीकडचे ग्राही, म्हणजे चेतापारेषक टिपणारी प्रथिने, कमी घेत असतील. हा निवाडा करण्याची रीत बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या चेता-स्नायू संधीवर १९५० च्या दशकात घालून दिली. चेतातंतूला कोणतेही उद्दीपन न देता त्यांनी स्नायुतंतूत इलेक्ट्रोड ठेवला, तेव्हा सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टचे छोटे उठाव आपोआप, अनियमित अंतराने दिसत राहिले. उद्दीपन दिल्यावर येणारा मोठा प्रतिसाद हा अशाच छोट्या उठावांच्या पटींत असतो, हे डेल कास्टियो आणि कॅट्झ यांनी १९५४ मध्ये दाखवले. एक छोटा उठाव म्हणजे एक पुंज, आणि एक पुंज म्हणजे एका पुटिकेतला माल.

म्हणून कोणतेही आलेख पाहताना प्रथम या छोट्या, आपोआप येणाऱ्या उठावांची उंची पाहावी. उंची घटली असेल तर ग्राहींवर किंवा पुटिकेतल्या भरावावर संशय घ्यावा. उंची तीच असून वारंवारता घटली असेल किंवा उद्दीपनानंतरच्या प्रतिसादातील पुंजांची संख्या घटली असेल, तर सोडणाऱ्या टोकावर संशय घ्यावा. मेंदूतील चेतापेशींवर असे मापन करताना टेट्रोडोटॉक्सिनने सोडियमच्या मार्गिका बंद केलेल्या आहेत ना, हे तपासावे. नाहीतर शेजारच्या पेशींचे विद्युत संदेशही या मोजणीत मिसळतात.

हा भेद किती खरा आहे, हे दवाखान्यात दिसते. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये प्रतिपिंडे स्नायूवरचे ग्राही नष्ट करतात, म्हणून तेथे पुंजाची उंची घटते. लॅम्बर्ट-ईटन विकारात प्रतिपिंडे टोकावरच्या कॅल्शियम मार्गिकांवर हल्ला करतात. तेथे एकेका पुंजाची उंची शाबूत असते, पण प्रत्येक उद्दीपनाला सुटणारे पुंज थोडे असतात. त्यामुळेच लॅम्बर्ट-ईटनच्या रुग्णाने दहा सेकंद स्नायू जोराने आवळला की लगेच नंतरचा विद्युत प्रतिसाद दुपटीहून मोठा होऊ शकतो, कारण टोकात कॅल्शियम साचते. मायस्थेनियात मात्र सेकंदाला दोन-तीन या संथ गतीने उद्दीपने दिली की प्रतिसाद उतरत जातो.

आपल्याकडे याहून जवळचे उदाहरण सर्पदंशाचे आहे. नागाच्या विषातील प्रमुख चेताविषे पलीकडच्या ग्राहींना अडवतात, तर मण्यारीच्या विषातील काही प्रथिने सोडणाऱ्या टोकाचाच नाश करतात. पापण्या जड होणे आणि श्वास मंदावणे ही लक्षणे दोन्हींत सारखी असतात. तरीही निओस्टिग्मिन या औषधाने ॲसिटिलकोलिन (चेता-स्नायू संधीवरचा चेतापारेषक) अधिक काळ टिकवले तर नागदंशात फायदा होऊ शकतो. मण्यारीच्या दंशात तसा भरवसा धरता येत नाही, कारण टिकवायला मुळात ॲसिटिलकोलिनच सुटत नसते, आणि टोके पुन्हा वाढेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. लक्षण एक असले तरी पायरी वेगळी असल्याने उपचाराचा परिणामही वेगळा होतो.

या पहिल्या प्रश्नात एक खाचही आहे. वारंवारता बदलली की दोष टोकाचाच, असा नियम नाही. सिनॅप्सची संख्याच घटली असेल तरी वारंवारता घटते. ज्या सिनॅप्सवर पूर्वी ग्राहीच नव्हते तेथे ते नव्याने आले, तर टोकात काहीही न बदलता वारंवारता वाढलेली दिसते. दीर्घकालीन प्रबलीकरणावरचा (वारंवार वापराने सिनॅप्स दीर्घकाळ बळकट होण्यावरचा) १९९० च्या दशकातील वाद बऱ्याच अंशी याच खाचेत अडकला होता. म्हणून वारंवारतेच्या आकड्याशेजारी सिनॅप्सची मोजणी दिलेली नसेल, तर निष्कर्ष राखून ठेवावा.

पुंज मोजावेत

दुसरी पायरी हिशेबाची आहे आणि ती कागदावर करता येते. द्रावणात कॅल्शियम कमी आणि मॅग्नेशियम जास्त ठेवले की प्रत्येक उद्दीपनाला शून्य, एक किंवा दोन असे मोजकेच पुंज सुटतात. समजा २०० उद्दीपने दिली आणि त्यांतील ७४ वेळा काहीच प्रतिसाद आला नाही. पुंजांची संख्या प्वासाँच्या वितरणानुसार असेल, तर सरासरी पुंजसंख्या म्हणजे एकूण उद्दीपनांना अपयशांनी भागून येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम. २०० भागिले ७४ म्हणजे सुमारे २.७, आणि त्याचा लॉगरिदम सुमारे ०.९९. म्हणजे सरासरी जवळपास एक पुंज. आता पडताळा घ्यावा: या सरासरीने एकच पुंज सुटल्याच्या वेळा सुमारे ७४ आणि दोन पुंज सुटल्याच्या सुमारे ३७ यायला हव्यात. उंचीच्या आलेखात तशी शिखरे दिसली तर गृहीतक टिकले. याखेरीज प्रतिसादाच्या सरासरी उंचीला एका पुंजाच्या सरासरी उंचीने भागूनही हीच संख्या काढता येते, आणि दोन्ही रीतींची उत्तरे जुळावी लागतात.

न जुळल्यास घाबरू नये, कारण शोधावे. कॅल्शियम नेहमीच्या प्रमाणात असताना बेडकाच्या एका चेता-स्नायू संधीवर शंभराहून अधिक पुंज सुटतात. तेव्हा अपयश मुळीच येत नाही आणि ही रीत निरुपयोगी ठरते. शिवाय प्रतिसाद मोठा झाला की विभवाची बेरीज सरळ राहत नाही आणि दुरुस्ती करावी लागते. सुटण्याची संभाव्यता जास्त असलेल्या सिनॅप्सवर प्वासाँऐवजी द्विपद वितरण घ्यावे लागते.

साठा कमी की सुटण्याची संभाव्यता कमी

टोक कमी सोडते हे ठरले तरी काम अर्धेच झाले. उद्दीपनाला सुटणारी पुंजसंख्या म्हणजे सज्ज पुटिकांची संख्या गुणिले प्रत्येकीची सुटण्याची संभाव्यता. गुणाकार घटला, पण कोणता गुणक घटला? येथेच बहुतेक घाईचे निष्कर्ष काढले जातात, म्हणून येथे थांबून वाचावे.

साठा मोजण्याची प्रचलित रीत साखरेची आहे. चेतापेशीवर ५०० मिलिमोलर सुक्रोजचे द्रावण काही सेकंद सोडले की परासरणाच्या ताणाने सज्ज पुटिका कॅल्शियमशिवायच रिकाम्या होतात. रोझेनमुंड आणि स्टीव्हन्स यांनी १९९६ मध्ये दाखवले की साखरेने आणि विद्युत उद्दीपनाने रिकामा होणारा साठा एकच आहे. म्हणून साखरेच्या प्रतिसादाचा एकूण विद्युतभार हे सज्ज साठ्याचे माप, आणि उद्दीपनाच्या प्रतिसादाच्या भाराला त्याने भागून येणारे उत्तर म्हणजे एका पुटिकेची सुटण्याची संभाव्यता.

आता दोन प्रथिने शेजारी ठेवून पाहावीत. मंक-१३ च्या दोन्ही मुख्य प्रकारांची जनुके काढलेल्या उंदरांच्या चेतापेशींमध्ये उद्दीपनाला प्रतिसाद येत नाही, आपोआपचे उठाव येत नाहीत आणि साखरेनेही काही सुटत नाही. सिनॅप्स मात्र दिसायला व्यवस्थित असतात आणि पुटिकाही भरपूर असतात. म्हणजे पुटिका आहेत, सज्ज मात्र एकही नाही. याउलट सिनॅप्टोटॅग्मिन-१ काढलेल्या पेशींमध्ये, १९९४ च्या मूळ प्रयोगांपासून दिसत आल्याप्रमाणे, साखरेचा प्रतिसाद शाबूत असतो आणि उद्दीपनानंतरचा तत्काळ प्रतिसाद मात्र जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे पुटिका सज्ज आहेत, कॅल्शियमची हाक त्यांना ऐकू येत नाही. उद्दीपनाचा आलेख एवढाच पाहिला असता तर दोन्ही प्रथिनांबद्दल एकच वाक्य लिहिले गेले असते.

साखरेचा प्रयोग शक्य नसेल तर जोडउद्दीपनाचा आधार घेता येतो. सुमारे ५० मिलिसेकंदांच्या अंतराने दोन उद्दीपने द्यावीत आणि दुसऱ्या प्रतिसादाला पहिल्याने भागावे. संभाव्यता कमी असेल तर पहिल्या वेळी थोड्याच पुटिका खर्ची पडतात, टोकात उरलेले कॅल्शियम दुसऱ्या वेळी मदत करते आणि गुणोत्तर एकाच्या वर जाते. संभाव्यता जास्त असेल तर साठा आधीच खर्च होऊन ते एकाच्या खाली येते. ही रीत सोपी आहे, म्हणूनच तिचा दुरुपयोगही फार होतो. ग्राही काही काळ बधिर झाले तरी दुसरा प्रतिसाद लहान येतो. गुणोत्तर बदलले हे संभाव्यता बदलल्याचे सूचक मानावे, तोच पुरावा समजू नये.

प्रत्येक प्रथिनाला एकच पायरी वाटून देण्याचा मोहही टाळावा. रिम काढले तर कॅल्शियमच्या मार्गिका पुटिकांपासून दुरावतात आणि संभाव्यता घटते. त्याच वेळी रिम हे मंक-१३ ला कार्यक्षम करत असल्याने साठाही घटतो. अशा वेळी प्रथिनाचा एकेक भाग परत घालून कोणता दोष कोणत्या भागाने दुरुस्त होतो हे पाहिलेले प्रयोग शोधावेत.

वेळ आणि कॅल्शियम

कॅल्शियम आत आल्यापासून पुटिका रिकामी होईपर्यंत मिलिसेकंदाचाही अंशच जातो. समुद्री स्क्विडच्या महाकाय सिनॅप्सवर हा काळ सुमारे ०.२ मिलिसेकंद मोजला गेला आहे. इतक्या वेळात दोरी पहिल्या पेडापासून वळणे शक्य नाही, म्हणजे ती आधीच अर्धवट वळलेली असली पाहिजे, हा निष्कर्ष केवळ घड्याळावरून निघतो. म्हणून प्रतिसादाच्या उंचीइतकेच त्याच्या वेळेकडे लक्ष द्यावे. सिनॅप्टोटॅग्मिन-१ नसताना प्रतिसाद अगदी शून्य होत नाही. तत्काळ भाग जातो आणि उद्दीपनानंतर शेकडो मिलिसेकंद रेंगाळत येणारे विस्कळीत पुंज उरतात. एकूण विद्युतभार आणि शिखराची उंची ही दोन वेगळी मापे देणारा निबंध यासाठीच अधिक विश्वासार्ह मानावा.

कॅल्शियमशी असलेले नाते सरळ प्रमाणाचे नाही. डॉज आणि रहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या संधीवर दाखवले की कॅल्शियम कमी असलेल्या टप्प्यात स्रवण हे कॅल्शियमच्या जवळपास चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. कॅल्शियम निम्मे केले तर स्रवण निम्मे न होता सोळाव्या हिश्श्यावर येते. यातून प्रयोग वाचणाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, द्रावणातील कॅल्शियमचे प्रमाण न सांगता केलेली तुलना निरर्थक असते. दुसरी, स्रवण निम्मे होण्यासाठी आत येणारे कॅल्शियम अवघे सोळा टक्क्यांनी घटले तरी पुरते. म्हणून ‘स्रवण घटले, अर्थात स्नेअर बिघडले’ असे म्हणण्याआधी कॅल्शियमचा प्रवाह मोजलेला आहे का, हे पाहावे.

प्रथिन कॅल्शियमचे संवेदक आहे असा दावा असेल तर जनुक काढून टाकण्याचा प्रयोग पुरेसा नसतो. गिरणीचा मीटर काढला तरी गिरणी बंद पडते, पण म्हणून मीटर दळण करत नाही. येथे २००१ चा सिनॅप्टोटॅग्मिनवरील प्रयोग आदर्श म्हणून वाचावा. संशोधकांनी प्रथिन काढले नाही. त्यातील २३३ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदलले, त्यामुळे त्याची कॅल्शियमची ओढ साधारण निम्मी झाली. मग त्या उंदरांच्या चेतापेशींमध्ये स्रवणाची कॅल्शियम-संवेदनशीलताही साधारण तितकीच घटलेली आढळली आणि सज्ज साठा तेवढाच राहिला. परीक्षानळीतला बदल आणि सिनॅप्सवरचा बदल प्रमाणातही जुळले, म्हणून दावा टिकला.

बिलगणे म्हणजे अडवणे नव्हे

मंक-१८ ची कथा येथे थोडी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण जीवरसायनशास्त्रातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक तिच्यात दिसते. हे प्रथिन १९९३ मध्ये सिंटॅक्सिनला घट्ट बिलगणारे म्हणून सापडले. ते ज्या सिंटॅक्सिनला धरते ते मिटलेल्या अवस्थेत असते आणि मिटलेल्या सिंटॅक्सिनशी दोरी वळता येत नाही. परीक्षानळीत मंक-१८ घातले की स्नेअरची जुळणी थांबे. फळमाशीत त्याच कुळातील प्रथिन प्रमाणाबाहेर वाढवले तर स्रवणही घटले. सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत होते: हे प्रथिन अडवणारे आहे, म्हणजे ते काढले की स्रवण वाढेल.

२००० मध्ये मंक-१८-१ (मंक-१८ चा मेंदूतला प्रमुख प्रकार) नसलेल्या उंदरांचा अहवाल आला तेव्हा नेमके उलटे दिसले. त्यांच्या मेंदूत स्रवण पूर्णपणे बंद होते, आपोआपचे उठावही नव्हते. मेंदूची घडण मात्र सुरुवातीला आश्चर्यकारक रीतीने यथास्थित झाली होती. चेतापेशी योग्य जागी पोहोचल्या, सिनॅप्स तयार झाले आणि त्यानंतर पेशी मरू लागल्या. पुढे २०१३ मध्ये कृत्रिम पटलांवर मंक-१८, मंक-१३, एनएसएफ आणि त्याचा सहायक हे सर्व एकत्र घालून प्रयोग झाले, तेव्हा कोडे सुटले. पीळ उलगडणारे एनएसएफ हजर असताना वाटेल तशी जुळलेली स्नेअर लगेच सुटी केली जातात, आणि मंक-१८ व मंक-१३ यांच्यामार्फत वळलेली दोरीच टिकते. मिटलेल्या सिंटॅक्सिनला धरून ठेवणे ही योग्य जुळणीची पहिली तयारी होती. मूळ परीक्षानळीत एनएसएफच नव्हते, म्हणून जे मापले ते खरे असूनही अर्थ उलटा लागला.

म्हणून ‘अमुक प्रथिन अमुकाला बिलगते’ या माहितीवरून केवळ ओळख घ्यावी, दिशा घेऊ नये. कॉम्प्लेक्सिनबाबत तर दिशा प्राण्यागणिक बदलताना दिसते: फळमाशीत ते काढले की आपोआपचे स्रवण कितीतरी पटींनी वाढते, आणि उंदरांत ते काढले की उद्दीपनाला मिळणारे स्रवण घटते. ते रोखूनही धरते आणि ऐनवेळी मदतही करते. कोणता परिणाम वरचढ दिसेल हे सिनॅप्सवर अवलंबून असते. निबंधाच्या मथळ्यात प्राण्याचे नाव नसेल तर ते आत शोधून समासात लिहून ठेवावे.

विषांची कात्री

जनुक काढण्याऐवजी प्रथिन कापणारी विषेही वापरता येतात. धनुर्वाताचे विष आणि बोट्युलिनमचे बी प्रकारचे विष सिनॅप्टोब्रेव्हिनला एकाच ठिकाणी कापतात, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. कात्री एकच असूनही धनुर्वातात स्नायू ताठतात आणि बोट्युलिझममध्ये ते लुळे पडतात, याचे कारण कात्री कोठे चालते यात आहे: धनुर्वाताचे विष चेतातंतूंतून उलटे चढत मज्जारज्जूत जाते आणि तेथील निरोधक पेशींचे स्रवण थांबवते, तर बोट्युलिनम स्नायूपाशीच राहून ॲसिटिलकोलिनचे स्रवण थांबवते. परीक्षेत हा प्रश्न विचारला की ‘दोन विषांची कार्यपद्धती भिन्न आहे’ असे उत्तर हमखास येते, आणि ते चूक आहे.

विषाचे प्रयोग वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. ही विषे सुट्या स्नेअरनाच कापतात; दोरीत वळले गेलेले सिनॅप्टोब्रेव्हिन त्यांच्यापासून बचावते, त्यामुळे विष दिल्यावर काही काळ स्रवण चालू राहिले तर ते अपयश समजू नये. दुसरे, कॅल्शियम वाढवून परिणाम ओसरतो का, हे तपासलेले असावे. बोट्युलिनमचे ए प्रकारचे विष स्नॅप-२५ च्या शेवटची नऊ अमिनो आम्लेच छाटते, आणि कॅल्शियम वाढवले की त्याचा अडथळा काही अंशी पार होतो. सिनॅप्टोब्रेव्हिन कापल्यावर तशी सूट क्वचितच मिळते. अडथळा पूर्ण आहे की केवळ कॅल्शियमची गरज वाढली आहे, हा भेद यातून हाती लागतो.

साधने थोडी असतील तर

विद्युत मापनाची महागडी व्यवस्था प्रत्येक महाविद्यालयात नसते. सीनोरॅब्डायटिस एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवर मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्रवणाचा अंदाज घेता येतो. मंक-१३ आणि मंक-१८ ही नावेच या कृमीच्या वेडीवाकडी हालचाल करणाऱ्या उत्परिवर्तित जातींवरून आली. अशा जाती सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये वर्णन केल्या होत्या.

ॲल्डिकार्ब हे रसायन ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला रोखते. त्यामुळे सुटलेले ॲसिटिलकोलिन साचते, स्नायू आकसतात आणि कृमी निश्चल होते. स्रवणच कमी असेल तर साचायला वेळ लागतो आणि कृमी उशिरा निश्चल होते. ॲगारच्या बशीत १ मिलिमोलर ॲल्डिकार्ब मिसळावे, एकाच वयाच्या २०-२५ तरुण प्रौढ कृमी ठेवाव्यात आणि ठरावीक मिनिटांनी प्लॅटिनमच्या तारेने डोके व शेपूट हलकेच स्पर्शून कोणती हलत नाही हे नोंदवावे. सामान्य जातीच्या बहुतेक कृमी सुमारे दोन तासांत निश्चल होतात. नोंद घेणाऱ्याला कोणत्या बशीत कोणती जात आहे हे माहीत नसावे. ही अट पाळली नाही तर सगळी मेहनत वाया जाते, कारण ‘हलली की नाही’ हा निर्णय डोळ्यांचा असतो आणि डोळे अपेक्षेप्रमाणे पाहतात. ॲल्डिकार्ब माणसालाही अतिविषारी आहे, म्हणून हातमोजे, धूरकपाट आणि कचऱ्याची वेगळी विल्हेवाट यांत तडजोड करू नये.

नंतर तीच जात लेव्हामिसोलवर तपासावी. हे औषध स्नायूवरच्या ग्राहींना थेट उद्दीपित करते. जात ॲल्डिकार्बला दाद देत नाही आणि लेव्हामिसोलला देते, तर दोष टोकाचा; दोन्हींना देत नाही, तर स्नायूचा. ॲल्डिकार्बने जात नेहमीपेक्षा लवकर निश्चल झाली तर ‘स्रवण वाढले’ असे लगेच लिहू नये. या कृमीत गाबा हा दुसरा चेतापारेषक स्नायूंना शिथिल करतो, आणि गाबाचे स्रवण घटले तरी कृमी लवकर आकसते.

परत घालून पाहिले का

शेवटी कोणत्याही निबंधात शोधावा तो पुनर्स्थापनेचा प्रयोग. काढलेले प्रथिन परत घातल्यावर दोष जातो का? आणि ते प्रौढ, पूर्ण वाढलेल्या पेशीत घातल्यावरही जातो का? वाढीच्या काळात प्रथिन नसल्याने झालेले परिणाम आणि स्रवणाच्या क्षणी ते नसल्याचा परिणाम यांची गल्लत त्याशिवाय सुटत नाही. नातलग प्रथिनांचाही विचार करावा: मंक-१३ चा एकच प्रकार काढला तेव्हा काही सिनॅप्स दुसऱ्या प्रकारावर चालू राहिले, आणि दोन्ही काढल्यावरच संपूर्ण शांतता आली.

प्रथिनाचे प्रमाण निम्मे झाल्यावर काय होते, हेही वाचावे, कारण माणसांत बहुधा तसेच घडते. मंक-१८-१ चे जनुक माणसात एसटीएक्सबीपी-१ या नावाने ओळखले जाते. त्याच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तरी तान्ह्या बाळांत ओहताहारा सिंड्रोमसारखी तीव्र अपस्माराची अवस्था उद्भवू शकते, असे २००८ मध्ये दाखवले गेले. उंदराच्या दोन्ही प्रती काढलेल्या प्रयोगाला या बाळांच्या आजाराचे चित्र समजू नये. त्यासाठी एकच प्रत काढलेल्या उंदरांचे आलेख उघडावेत आणि पहिल्या प्रश्नापासून, म्हणजे छोट्या उठावांच्या उंचीपासून, पुन्हा वाचायला लागावे.